सिनेमा हरवला, फोटो सापडला!

भारताचा पहिला बोलपट आज कुणालाही ऐकता येत नाही. पाहताही येत नाही. 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक टॉकीजमध्ये लागला, तेव्हा गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले होते. आज त्याची एकही प्रिंट शिल्लक नाही. मग त्याची नायिका झुबेदा आपल्याला ठाऊक कशी? फोटोंमुळे! सेटवरचे आणि जाहिरातीचे जे काही फोटो उरले, तेवढाच आपला 'आलम आरा'. बोलपटातलं बोलणं हवेत विरलं आणि मागे राहिली ती मुकी छायाचित्रं. याला म्हणतात नशिबाची थट्टा.

सिनेमातल्या नट्यांच्या फोटोंचे असे कितीतरी किस्से आहेत आणि खरं सांगायचं तर काही वेळा ते सिनेमापेक्षा जास्त रंगतदार आहेत. फोटोने कुणाला नोकरी मिळवून दिली, कुणाला देव्हाऱ्यात बसवलं, तर कुणाला थेट अमेरिकेत नेलं. अंबरपेठच्या मराठी वाचकांनी तर कान टवकारावेत. यातले बरेचसे धागे आपल्या हैदराबादेतून जातात.

सुरुवात झुबेदापासूनच करू. सुरतेच्या या मुलीचं लग्न झालं ते हैदराबादच्या महाराज नरसिंगीर धनराजगीर यांच्याशी. त्यांचा ज्ञानबाग पॅलेस गोशामहलला. म्हणजे अंबरपेठच्या अली कॅफेवरून रिक्षा केली तर ट्रॅफिकच्या मर्जीनुसार अर्धा तास किंवा दीड तास! मुंबईत अपोलो बंदरजवळचं धनराज महल याच घराण्याचं. झुबेदाची आई फातमा बेगम ही भारतातली पहिली स्त्री दिग्दर्शिका. १९२६ साली तिने 'बुलबुल-ए-परिस्तान' काढला. तोही हरवला. आईचा सिनेमा गेला, लेकीचा गेला, दोघींचे फोटो राहिले.

जाता जाता आणखी एक. 'आलम आरा'चा नायक म्हणजे आपला मराठी गडी, मास्टर विठ्ठल. हा सिनेमा करायला त्याने आधीच्या कंपनीचा करार मोडला, कंपनी कोर्टात गेली आणि विठ्ठलच्या बाजूने वकील उभे राहिले बॅरिस्टर महंमद अली जिना. खटला जिंकलेही.

पुरुषांना मज्जाव

नटी हा प्रकार यायच्या कितीतरी आधी हैदराबादेत बायकांचे फोटो निघत होते, आणि तेही खास बंदोबस्तात. राजा दीनदयाळ हे सहाव्या निजामाचे, मीर महबूब अली खानांचे दरबारी छायाचित्रकार. मूळचे मेरठजवळच्या सरधन्याचे. नोकरी इंदूरच्या बांधकाम खात्यात आणि पहिला मोठा आश्रय तुकोजीराव होळकरांचा. म्हणजे कॅमेऱ्याला पहिली थाप दिली ती मराठी दरबाराने, मान मिळाला तो निजामाकडून. निजामाने किताब दिला 'मुसव्विर जंग'. सिकंदराबादला त्यांचा स्टुडिओ जोरात चालत होता, पण अडचण अशी की पडद्यातल्या बायका पुरुष फोटोग्राफरसमोर बसणार कशा?

दीनदयाळांनी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला तोड काढली. फक्त बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ. भोवती उंच भिंती, आत सगळा कारभार बायकांच्या हाती आणि देखरेखीला मिसेस केनी-लेविक नावाची इंग्रज बाई. नबाबांच्या बेगमा डोलीतून येत, पडदा बाजूला सारून कॅमेऱ्यात बघत आणि परत पडद्याआड. चार दशकांनंतर याच देशात बायकांचे चेहरे टॉकीजच्या दारावर झळकू लागले, हे लक्षात घेतलं तर ही उडी केवढी मोठी होती ते कळतं.

म्हशीची कृपा

१९५५. गुरुदत्त हैदराबादेत आले ते 'मिस्सम्मा' हा तेलुगू सिनेमा पाहायला. तो गाजत होता आणि त्याचा हिंदी अवतार काढावा असं त्यांच्या मनात होतं. सोबत होते लेखक अब्रार अल्वी. अल्वींनी पुढे आयुष्यभर सांगितलेला किस्सा असा की वाटेत त्यांच्या गाडीसमोर म्हैस आडवी आली, धडक बसली, गाडी दुरुस्तीला गेली आणि मंडळी हैदराबादेत अडकली. बसल्या बसल्या एका वितरकाच्या कचेरीत कळलं की 'रोजुलु मारायी' या सिनेमात एक नवी मुलगी एकाच गाण्यावर नाचते आणि लोक तिच्यावर फिदा आहेत. मुलगी शहरातच होती. बोलावलं. ती आली, साधेपणाने दोन शब्द बोलली, गेली. पुढे तीन-एक महिन्यांनी मुंबईहून निरोप आला.

ती वहिदा रहमान. 'मिस्सम्मा'चा हिंदी अवतार गुरुदत्तनी काढलाच नाही. तो दुसऱ्यांनी 'मिस मेरी' म्हणून १९५७ साली काढला. म्हशीने मात्र आपलं काम चोख केलं होतं.

वहिदाबाई पहिल्या दिवसापासून खमक्या. मुंबईत त्यांना नाव बदला म्हणून सांगितलं, तर त्या म्हणाल्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव आहे, बदलणार नाही. करारात अटही घालून घेतली की न आवडणारे कपडे घालणार नाही. करारावर सही आईची, कारण मुलगी सज्ञान नव्हती! आता फोटोकडे वळू. 'चौदहवीं का चाँद'चं शीर्षकगीत आधी कृष्णधवल होतं, ते नंतर रंगीत करून पुन्हा चित्रित केलं गेलं. त्या काळच्या रंगीत फिल्मला प्रचंड उजेड लागायचा. दिव्यांची धग एवढी की वहिदाबाईंचे डोळे लाल झाले. सेन्सॉरवाल्यांना तो लालिमा भलताच मादक वाटला आणि त्यांनी हरकत घेतली. सौंदर्याची तारीफ म्हणून पुढे ज्या नजरेचे गोडवे गायले गेले, ती निम्मी तरी दिव्यांच्या तापाची करामत होती.

आणि हीच बाई पुढे कॅमेऱ्याच्या मागे गेली. उतारवयात त्यांनी वन्यप्राण्यांची छायाचित्रं काढायचा छंद लावून घेतला, जंगलं पालथी घातली. आयुष्यभर ज्यांच्यावर लेन्स रोखली गेली, त्यांनी वाघांवर रोखली. २०२१ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, तोवर त्या पक्क्या फोटोग्राफर झाल्या होत्या.

देव्हाऱ्यातली सीता

विजय भट्टांचा 'रामराज्य' आला १९४३ साली. सीता झाल्या शोभना समर्थ, माहेरच्या सरोज शिलोत्री. राम झाला प्रेम अदीब. या दोघांचे राम-सीतेच्या वेशातले फोटो कॅलेंडरांवर छापले गेले आणि घरोघरी भिंतीवर लागले. काहींनी हळदकुंकूही वाहिलं. तेलुगू घरांत हाच प्रकार 'मायाबाजार' (१९५७) मधल्या एन. टी. रामारावांच्या कृष्णाचा. अंबरपेठेत जुन्या घरात तसा कृष्ण आजही एखाद्या भिंतीवर दिसला तर नवल नाही. मला विचाराल तर नटनट्यांना मिळालेला यापेक्षा मोठा पुरस्कार दुसरा नाही. कुठली ज्युरी नाही, कुठला समारंभ नाही, रोज उदबत्ती.

शोभनाबाईंची लेक नूतन. तिचा 'नगीना' १९५१ साली आला, सेन्सॉरने त्याला 'फक्त प्रौढांसाठी'चा शिक्का मारला. नूतन तेव्हा पंधरा वर्षांची! थिएटरच्या दारावरच तिला अडवलं. नायिका स्वतः बाहेर आणि प्रेक्षक आत. या घराण्याची पुढची पिढी खाली येतेच आहे, जरा धीर धरा.

साबणाची वडी

हॉलीवूडच्या नट्या लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकत होत्या, तेव्हा तिथे पहिला भारतीय चेहरा कुणाचा आला? धारवाडच्या लीला चिटणीसांचा, १९४१ साली. बाई पदवीधर. त्यांची जाहिरातही 'पडद्यावरची पहिली पदवीधर सोसायटी लेडी' अशी केली गेली होती. नंतर अनेकांनी त्यांना पाहिलं ते पांढऱ्या साडीतली, खोकणारी, रडणारी आई म्हणून. साबणाच्या जाहिरातीतला टवटवीत चेहरा आणि ती आई एकच, हे सांगितल्याशिवाय पटत नाही. लीलाबाई २००३ साली अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये वारल्या.

पेन्सिलीची जादू

आता जरा स्टुडिओत शिरू. जे. एच. ठक्कर फाळणीनंतर कराचीहून आले आणि १९४८ साली मुंबईत दादरला त्यांनी इंडिया फोटो स्टुडिओ थाटला. नर्गिस, मधुबाला, मीनाकुमारी सगळ्या त्यांच्या दिव्यांखाली बसल्या. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा सावलीत, पापण्यांची सावली गालावर. त्या फोटोंत नटी सुंदर दिसतेच, शिवाय ती काहीतरी लपवतेय असंही वाटतं.

पण खरी गंमत फोटो काढल्यानंतर. मोठ्या आकाराची निगेटिव्ह काचेवर ठेवायची, खालून उजेड सोडायचा आणि कडक शिशाची, सुईसारखी टोकदार केलेली पेन्सिल हातात घ्यायची. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. डोळ्याखालचं काळं वर्तुळ तिथे स्वच्छ, पारदर्शक दिसतं. त्या पारदर्शक जागेत पेन्सिलीने बारीक बारीक ठिपके भरायचे. मग प्रिंट काढली की तिथे उजेड कमी पोचतो आणि वर्तुळ उजळतं. सुरकुती गेली, मुरुमाचा डाग गेला, दोन रात्रींचं जागरण गेलं! याला स्टुडिओवाले 'टचिंग' म्हणायचे. हात जरा जड पडला की चेहरा मेणाचा व्हायचा, म्हणून टचिंगवाल्याला मोठा मान. आज मोबाइलवर एका बोटाने जे होतं, त्याला तेव्हा एक कुशल माणूस, एक भिंग आणि अख्खी दुपार लागे. मान मात्र अजून त्या टचिंगवाल्यालाच द्यावासा वाटतो. त्याला कुठे थांबायचं ते कळत होतं.

दुसरं नाव कामत फोटो फ्लॅशचं. दामोदर कामतांनी १९४५ साली ही संस्था काढली आणि शेकडो सिनेमांच्या सेटवर स्टिल फोटो काढले. शॉट संपला, दिग्दर्शक 'कट' म्हणाला की स्टिलवाला पुढे व्हायचा आणि नटीला तोच भाव पुन्हा चेहऱ्यावर आणावा लागायचा, फक्त त्याच्यासाठी. ते फोटो मग गावोगावच्या टॉकीजमध्ये काचेच्या कपाटात लागायचे. अंबरपेठच्या श्री रमणापासून काचीगुड्याच्या तारकरामापर्यंत कुठल्याही जुन्या थिएटरचा विचार करा. आधी ते फोटो न्याहाळायचे, नायिका कोण, मारामारी आहे का, गाणी किती असतील याचा अंदाज घ्यायचा आणि मग तिकिटाच्या रांगेत उभं राहायचं. ट्रेलर घरबसल्या दिसत नव्हते तेव्हा ट्रेलरचं काम या फोटोंनी केलं.

अमेरिकेतून आलेला पाहुणा

१९५१. 'लाइफ' मासिकाचा फोटोग्राफर जेम्स बर्क मुंबईत आला आणि त्याने मधुबालाचे फोटो काढले. घरात, मोकळ्या केसांत, हसताना, विचारात. हे फोटो पाहिले की एक गोष्ट जाणवते: स्टुडिओचे दिवे आणि टचिंगवाल्याची पेन्सिल नसतानाही ती तेवढीच सुंदर आहे. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या 'थिएटर आर्ट्स' मासिकाने तिच्यावर लेख छापला. मथळ्याचा आशय असा की जगातली सर्वांत मोठी स्टार, आणि ती बेव्हर्ली हिल्समध्ये राहत नाही! तेव्हा 'मुग़ल-ए-आज़म' पडद्यावर यायला आठ वर्षं होती.

त्याच बर्कने १९५१ सालीच बेगम पाराचेही फोटो काढले. ते एवढे धीट होते की कोरियाच्या युद्धातले अमेरिकन सैनिक म्हणे ते भिंतीला लावत. ही बेगम पारा पडद्यावर आली ती पुण्यातून. प्रभातच्या १९४४ च्या 'चाँद'मधून. आणि शेवटचं दर्शन? २००७ सालच्या 'साँवरिया'त, सोनम कपूरची आजी म्हणून.

बर्कचा शेवट वाईट झाला. १९६४ साली हिमालयात फोटो काढताना तो कड्यावरून कोसळला.

परदेशचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी झटपट. मार्लिन डिट्रिचला दिवा कुठून यायला हवा हे कॅमेरामनइतकंच कळे. सेटवर ती कॅमेऱ्याशेजारी आरसा ठेवायला लावी. आणि मेरिलिन मन्रोने १९६२ साली बर्ट स्टर्नने काढलेल्या फोटोंपैकी नावडत्यांवर चक्क फुल्या मारल्या. काही आठवड्यांत ती गेली. स्टर्नने नंतर ते फुल्यांचे फोटोही छापले, आणि मला विचाराल तर ते त्याने करायला नको होतं. तिचा नकार तेवढा तरी पाळायचा! तिच्या 'नायगरा' सिनेमाच्या प्रसिद्धीच्या एका फोटोवरून अँडी वॉरहोलने चित्रं केली, त्यातलं एक २०२२ साली १९.५ कोटी डॉलरला विकलं गेलं.

गौतम राजाध्यक्ष

आता आपला माणूस. गौतम राजाध्यक्ष रसायनशास्त्र शिकले ते मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये. १९७४ साली लिंटास या जाहिरात कंपनीत लागले. चुलत बहीण शोभा, म्हणजे लेखिका शोभा डे, मासिकं चालवत होती. तिच्यासाठी फोटो काढायला सुरुवात झाली आणि १९८० च्या सुमाराला शबाना आझमी, टीना मुनीम, जॅकी श्रॉफ अशी मंडळी कॅमेऱ्यासमोर आली. (शबानाही मूळची हैदराबादचीच, १९५० चा जन्म.) १९८७ साली नोकरीला रामराम ठोकून ते पूर्ण वेळ फोटोग्राफर झाले.

राजाध्यक्षांच्या फोटोंची ओळख पटायला खाली नाव वाचावं लागत नाही. मऊ उजेड, चेहरा अगदी जवळ, डोळे तुमच्याकडे. दागिने, साडी, पार्श्वभूमी सगळं गौण. ठक्करांच्या फोटोतली नटी दूरची वाटते. राजाध्यक्षांची नटी आत्ता तुमच्याशी काहीतरी बोलणार आहे असं वाटतं. काही टीकाकार म्हणत, हे फार गोड आहे, सगळेच सुंदर दिसतात. त्यात तथ्य आहे. पण ज्यांचं आयुष्य चेहऱ्यावर अवलंबून आहे त्यांना विश्वासाने समोर बसवणं आणि मुखवटा उतरवायला लावणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. १९९७ साली त्यांचं 'फेसेस' हे पुस्तक आलं. त्यात एका टोकाला दुर्गा खोटे, दुसऱ्या टोकाला ऐश्वर्या राय. मधल्या पानांत हिंदी सिनेमाचा अर्धा इतिहास येतो. मराठीत 'चेहरे' आलं.

आणि ते फक्त फोटो काढून थांबले नाहीत. 'चंदेरी' हे मराठी पाक्षिक त्यांनी संपादित केलं. 'बेखुदी' (१९९२) आणि 'अंजाम' (१९९४) या हिंदी सिनेमांच्या पटकथा लिहिल्या. 'बेखुदी'साठी त्यांनी एका शाळकरी मुलीचं नाव सुचवलं. ती काजोल. शोभना समर्थांची नात, नूतनची भाची! सिनेमा साफ पडला, मुलगी राहिली. आजीचा फोटो कॅलेंडरवर, नातीचा राजाध्यक्षांच्या कॅमेऱ्यात. मध्ये पन्नास वर्षं.

१३ सप्टेंबर २०११ रोजी राजाध्यक्ष गेले. तीन दिवसांनी एकसष्टी होती.

तिकिटावर स्मिता

पुण्यात जन्मलेल्या स्मिता पाटीलला दूरदर्शनची नोकरी मिळाली तीही फोटोमुळे. एका फोटोग्राफर मित्राने काढलेले तिचे फोटो मुंबई दूरदर्शनच्या साहेबांच्या नजरेस पडले आणि मराठी बातम्या वाचायला बोलावणं आलं. जीन्सवरच साडी गुंडाळून ती बातम्या वाचायची. कॅमेरा कमरेच्या वरच होता ना! पुढे श्याम बेनेगलांच्या 'कोंडुरा'त ती आली. ही कादंबरी चिं. त्र्यं. खानोलकरांची, म्हणजे अस्सल कोकणी मातीतली. सिनेमा मात्र हिंदीबरोबर तेलुगूतही झाला, 'अनुग्रहम' नावाने. खानोलकर तेलुगूत पोचले ते असे, स्मिताच्या सोबतीने.

अवघ्या ३१ व्या वर्षी ती गेली. ३ मे २०१३ रोजी भारतीय सिनेमाला शंभर वर्षं झाली म्हणून टपाल खात्याने पन्नास तिकिटं काढली, त्यात स्मिता आहे, दुर्गा खोटे आहेत. त्याआधी १३ फेब्रुवारी २०११ ला सहा नायिकांची तिकिटं निघाली होती. त्यात नूतन आहे, मीनाकुमारी आहे आणि तेलुगूची महानटी सावित्रीसुद्धा. गुरुदत्त हैदराबादला जो 'मिस्सम्मा' पाहायला आले होते, त्याची नायिका हीच सावित्री. तिच्यावरचा 'महानटी' २०१८ साली आला, कीर्ती सुरेशला राष्ट्रीय पुरस्कार देऊन गेला. या सिनेमात सावित्रीची कहाणी उलगडत जाते ती एका पत्रकार मुलीकडून, आणि तिच्या जोडीला असतो कोण? वर्तमानपत्राचा फोटोग्राफर.

तुमच्या माळ्यावर काय आहे?

शेवटी कामाचं. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात (स्थापना १९६४, आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या छत्राखाली) फिल्मच्या रिळांबरोबरच फोटो, पोस्टर आणि गाण्यांच्या पुस्तिकाही जपल्या जातात. २००३ साली आग लागली तेव्हा जुन्या ज्वालाग्राही फिल्मची हजारो रिळं जळाली. अशा वेळी त्या सिनेमांचा उरलेला पुरावा म्हणजे कुणाच्या तरी घरातला फोटो.

तेव्हा दिवाळीची साफसफाई करताना आजोबांच्या ट्रंकेत जुनी 'चंदेरी', टॉकीजमधले फोटो किंवा गाण्यांची पुस्तिका सापडली तर रद्दीवाल्याला हाक मारू नका. फोटोला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने हळूच नटीचं नाव, सिनेमा, साल लिहा. पेनची शाई झिरपते. आणि घरात ठेवायला जागा नसेल, तर संग्रहालय अशा वस्तू देणगी म्हणून स्वीकारतं. पत्ता सोपा आहे: लॉ कॉलेज रोड, पुणे.